‘पर्यंत’ सोडा, ‘तोवर’ म्हणा : व्हाइल लूप अगदी पहिल्यापासून

माझा वर्ग सोलापूरच्या पूर्व भागात भरतो. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू असतात, त्यामुळे मला जरा चढ्या आवाजात शिकवायची सवय लागली आहे. संध्याकाळी सातला पोरं-पोरी येतात. कुणी डिप्लोमाचं, कुणी अकरावी-बारावीचं, एखादा दिवसभर दुकानात उभा राहून आलेला. मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. तिच्यात तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या ओळींना लूप म्हणतात, आणि व्हाइल हा त्यातला एक प्रकार. व्हाइल लूपचा दिवस आला की मागच्या बाकावरून एक वाक्य ठरलेलं असतं : “मॅडम, हे थांबंनाच की!”

त्याच्याच शेजारच्या बाकावर कुणीतरी गप्प बसलेलं असतं, कारण त्याचा लूप सुरूच झालेला नसतो. एररही आलेली नसते, त्यामुळे विचारायचं तरी काय, हेच कळत नाही.

या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. व्हाइलचं व्याकरण पाच मिनिटांत येतं. गोंधळ होतो तो मनातलं मराठी वाक्य पायथनमध्ये उतरवताना. म्हणून मी आधी वाक्य दुरुस्त करून घेते आणि मगच कीबोर्डला हात लावू देते.

आधी तयारी

संगणकावर पायथन ३ हवं. त्याच्यासोबत येणारं आयडल, म्हणजे कोड लिहून चालवायचं साधन, सुरुवातीला पुरतं. संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे ॲप घ्या. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्यावरच शिकली.

या लेखातला कोड मी देवनागरीत, म्हणजे आपण वर्गात जसा वाचतो तसा छापला आहे. टाइप करताना पायथनचे स्वतःचे शब्द रोमन अक्षरांतच टाकायचे. व्हाइल म्हणजे डब्ल्यू-एच-आय-एल-ई, प्रिंट म्हणजे पी-आर-आय-एन-टी, इनपुट म्हणजे आय-एन-पी-यू-टी, इंट म्हणजे आय-एन-टी, ब्रेक म्हणजे बी-आर-ई-ए-के, इफ (‘जर’) म्हणजे आय-एफ, एल्स (‘नाहीतर’) म्हणजे ई-एल-एस-ई, अँड म्हणजे ए-एन-डी, ऑर म्हणजे ओ-आर. सगळं लहान लिपीत. ट्रू तेवढा मोठ्या टी-नं सुरू होतो. आकडेही कोडमध्ये कीबोर्डवरचे नेहमीचेच टाका. कोडमध्ये देवनागरी १ टाकला तर पायथन ते अक्षर चुकीचं आहे म्हणून अडून बसतं.

व्हेरिएबलची, म्हणजे ज्यात आपण किंमत ठेवतो त्याची, नावं मात्र खुशाल मराठीत ठेवा. पीठ, पाणी, एकूण ही नावं पायथन ३ ला चालतात. पुढे नोकरीत कुणी अशी नावं ठेवू देणार नाही, हे खरं. पण शिकताना लूप समजायचा आहे, इंग्रजी स्पेलिंग नव्हे.

वाक्य उलटवायला शिका

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. काही दिवशी ती म्हणायची, “आज हजार करायच्यात.” काही दिवशी म्हणायची, “पानं आहेत तोवर वळते.” हात दोन्ही दिवशी तेच करत, थांबायचं कधी याचा हिशेब तेवढा वेगळा.

‘हजार करायच्यात’ हा फॉर लूप झाला. किती फेऱ्या, ते आधीच ठरलेलं. ‘पानं आहेत तोवर’ हा व्हाइल. पान उचलायच्या आधी दर वेळी नजर पानांकडे जाते : आहेत का अजून? आहेत, मग वळ. नाहीत, मग ऊठ.

आता गोची कुठे आहे बघा. आपण बोलताना बहुतेक वेळा ‘तोवर’ म्हणत नाही, ‘पर्यंत’ म्हणतो. पीठ संपेपर्यंत भाकऱ्या कर. टाकी भरेपर्यंत थांब. पासवर्ड बरोबर येईपर्यंत विचार. ‘पर्यंत’वालं वाक्य काम कधी थांबवायचं ते सांगतं. व्हाइलला मात्र काम कधी चालू ठेवायचं ते ऐकायचं असतं. व्हाइलपुढे तुम्ही जी अट लिहाल ती खरी असताना तो फिरतो आणि खोटी झाली की थांबतो. म्हणून ‘पर्यंत’पुढची गोष्ट जशीच्या तशी उचलून व्हाइलपुढे टाकली की लूप उलटा होतो.

टाकी हजार लिटरची आहे आणि तुम्ही लिहिलंत : व्हाइल पाणी == १०००. पायथन बघतं, पाणी आत्ता ० आहे. हजाराबरोबर आहे का? नाही. मग आत शिरायचंच नाही. एकही फेरी न होता कार्यक्रम (म्हणजे आपला प्रोग्राम) संपतो, तोही मुकाट्यानं. गप्प बसलेल्या पोराचं दुखणं ते हेच.

‘जोपर्यंत’ म्हणणारेही इथेच फसतात. “जोपर्यंत टाकी भरत नाही तोपर्यंत” यात ‘नाही’ आहे, आणि घाईत कोडमध्ये उतरवताना नेमका तोच गळतो.

म्हणून वहीत आधी ‘पर्यंत’चं वाक्य लिहा, त्याखाली ‘तोवर’चं. पीठ संपेपर्यंत : भाकरीपुरतं पीठ आहे तोवर. टाकी भरेपर्यंत : टाकीत जागा आहे तोवर. पासवर्ड बरोबर येईपर्यंत : पासवर्ड चुकतोय तोवर. कोडमध्ये जायचं ते दुसरं वाक्य. पहिले पंधरा दिवस मी हे वहीत दाखवल्याशिवाय संगणक सुरू करू देत नाही. पोरं कुरकुरतात.

पहिला लूप : भाकऱ्या

डब्यात ५०० ग्रॅम ज्वारीचं पीठ आहे. एका भाकरीला ८० ग्रॅम धरू. किती भाकऱ्या होतील? भागाकार करून लगेच सांगता येईल, पण आपल्याला फेऱ्या बघायच्या आहेत.

पीठ = ५००
संख्या = ०
व्हाइल पीठ >= ८०:
    पीठ = पीठ - ८०
    संख्या = संख्या + १
    प्रिंट(संख्या, पीठ)
प्रिंट("झाल्या", संख्या)

व्हाइलच्या ओळीच्या शेवटी अपूर्णविरामाचं चिन्ह आहे, ते विसरू नका. त्याखालच्या तीन ओळी चार-चार स्पेस आत सरकवलेल्या आहेत. आत सरकलेलं ते लूपमधलं. शेवटची प्रिंटची ओळ पुन्हा डाव्या कडेला आली आहे, म्हणून ती लूप संपल्यावर एकदाच चालते. पायथनमध्ये कंस लावून लूपची हद्द आखत नाहीत, सरकवणं हीच हद्द.

बरोबरचं एकेरी चिन्हही एकदा नीट वाचा. पीठ = पीठ - ८० हे गणिताचं समीकरण म्हणून वाचलं तर वेडेपणाच वाटेल. ते उजवीकडून डावीकडे वाचायचं : आत्ताच्या पिठातून ८० वजा कर आणि जे उरेल त्याला आता पीठ म्हण. बरोबर आहे का असं विचारायचं असेल तेव्हा चिन्ह दुहेरी.

आता चालवण्याआधी कागद घ्या. दोन रकाने आखा, पीठ आणि संख्या, आणि तुम्हीच पायथन व्हा. ५०० हे ८० पेक्षा मोठं किंवा त्याच्याबरोबर आहे का? आहे. आत शिरा. पीठ ४२०, संख्या १. तीन ओळी संपल्या की खाली जायचं नाही, वर अटीकडे जायचं. ४२० चालतंय? चालतंय. ३४०, २. मग २६०, ३. मग १८०, ४. मग १००, ५. शंभर अजून चालतात. २०, ६. आता २० हे ८० पेक्षा मोठं आहे का? नाही. लूप सोडा, खालच्या ओळीवर या : झाल्या ६.

कार्यक्रम चालवल्यावर पडद्यावर हेच आकडे याच क्रमानं दिसले पाहिजेत. कागदाचा कंटाळा करू नका. लूप कळला की नाही हे मी पोरांच्या पडद्यावरून ओळखत नाही, कागदावरच्या शेवटच्या दोन ओळींवरून ओळखते.

आता मुद्दाम बिघडवू. अटीत पीठ > ० असं लिहा. ऐकायला सरळ वाटतं, पीठ आहे तोवर. सहाव्या भाकरीनंतर २० ग्रॅम उरतं, २० हे शून्याहून मोठं, म्हणून पायथन सातवी भाकरीही करतं आणि डब्यात उणे ६० ग्रॅम पीठ शिल्लक दाखवतं. वीस ग्रॅममध्ये भाकरी होत नाही हे आपल्याला माहीत असतं, त्याला सांगावं लागतं. ‘आहे तोवर’ म्हणताना किती आहे तोवर, हेही अटीत आलं पाहिजे. हिशेबात उणे आकडा दिसला की आधी अटीच्या काठावर बोट ठेवा. मोठंच हवं होतं की मोठं किंवा बरोबर? शून्य हवं होतं की एका फेरीपुरतं?

न थांबणारा लूप, आणि मामांचं दुकान

हे माझ्याच हातून झालेलं आहे. मामांचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान होतं. गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती. आमच्याकडे संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा असते, बाहेरगावचं गिऱ्हाईक चादर घेतल्याशिवाय परतत नाही. मामा म्हणाले, “चाळीस चादरींवर किमतीची लेबलं लावायचीत. तू कॉम्प्युटर शिकतेस ना, काढून दे.” मी मोठ्या तोऱ्यात लेबल प्रिंटरला जोडून कार्यक्रम लिहिला. मतलब असा :

शिल्लक = ४०
व्हाइल शिल्लक > ०:
    लेबल_छाप(शिल्लक)
शिल्लक = शिल्लक - १

शेवटची ओळ आत सरकवायची राहिली होती. त्यामुळे ती लूपमध्ये नव्हतीच. लूप संपल्यावर तिची पाळी येणार, आणि तिची पाळी आल्याशिवाय लूप संपणार नाही! प्रिंटर सुरू झाला. पहिली पाच-सहा लेबलं मामांनी कौतुकानं हातात घेतली. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांवर क्रमांक ४०च आहे. मी माऊस हलवत राहिले, फीत खाली गोळा होत राहिली. “अगं, थांबव की त्याला!” म्हणत शेवटी त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. अख्खा रोल गेला. चाळीस लेबलं आम्ही रात्री स्केचपेननं लिहिली.

त्या रात्रीपासून मी लूप लिहिला की तीन जागी बोट ठेवते. लूपच्या आधी : अटीतल्या नावाला सुरुवातीची किंमत दिली आहे का? लूपच्या ओळीत : अट ‘तोवर’ची आहे का? लूपच्या पोटात : अटीतली ती गोष्ट बदलतेय का, आणि थांबण्याच्या दिशेनं बदलतेय का? तिसऱ्या जागी सगळ्यात जास्त माणसं पडतात. ओळ राहून जाते, किंवा बाहेर सरकते, किंवा वजाच्या जागी अधिक पडतं आणि पीठ वाढतच जातं.

लूप सुटलाच तर घाबरू नका. कंट्रोल दाबून धरा आणि सी दाबा, पायथन आहे तिथे थांबतं. फोनवर ॲपमधलं थांबवायचं बटण. संगणकाला काही होत नाही, पण प्रिंटर, एसएमएस किंवा फाइल जोडलेली असेल तर नुकसान होतं. म्हणून असल्या लूपला आधी नुसतं पडद्यावर प्रिंट करायला लावा आणि सोबत एक कुंपण घाला :

फेरी = ०
व्हाइल शिल्लक > ० अँड फेरी < १००:
    प्रिंट(शिल्लक)
    शिल्लक = शिल्लक - १
    फेरी = फेरी + १

काहीही चुकलं तरी शंभराव्या फेरीनंतर गाडी उभी. सगळं बरोबर चाललंय याची खात्री झाली की कुंपण काढा. मी बरेचदा काढत नाही.

दोन अटी : टाकीचा प्रश्न

या भागाला मी वर्गात पूर्ण एक दिवस देते, कारण इथे मराठी आणि पायथन समोरासमोर येतात.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला एक माणूस टाकीपाशी तैनात. त्याला सूचना काय असते? “टाकी भरेपर्यंत किंवा पाणी जाईपर्यंत पाइप धर.” मध्ये शब्द आहे ‘किंवा’. पोरं सरळ ऑर लिहितात, आणि तिथेच घोळ होतो.

समजा टाकी १००० लिटरची, पाणी ४५ मिनिटं राहणार आणि मिनिटाला १८ लिटर येतंय.

पाणी = ०
मिनिटं = ०
व्हाइल पाणी < १००० ऑर मिनिटं < ४५:
    पाणी = पाणी + १८
    मिनिटं = मिनिटं + १
प्रिंट(पाणी, मिनिटं)

उत्तर येतं १००८ आणि ५६. म्हणजे नळ ४५व्या मिनिटाला गेला तरी आमच्या टाकीत पुढे ११ मिनिटं पाणी पडतंच आहे. असली सोय गावात झाली तर हवीच आहे, पण कार्यक्रम चुकीचा आहे. ऑर लावलं की दोनपैकी एक अट खरी असेपर्यंत लूप फिरत राहतो. नळाची अट खोटी झाली तरी टाकीत जागा आहे, एवढ्या भांडवलावर तो चालतो. मिनिटाला २५ लिटर धरून पाहा : टाकी ४०व्या मिनिटाला भरते, पण लूप ४५ मिनिटं चालतो आणि ११२५ लिटर दाखवतो. सव्वाशे लिटर गच्चीवरून खाली.

आता तेच वाक्य उलटवा. टाकी भरेपर्यंत याचं झालं टाकीत जागा आहे तोवर. पाणी जाईपर्यंत याचं झालं नळ चालू आहे तोवर. दोन्ही जोडून बोला : टाकीत जागा आहे आणि नळ चालू आहे तोवर पाइप धर. मोठ्यानं म्हणा, ‘किंवा’ म्हणवतच नाही. ‘पर्यंत’चं ‘तोवर’ करताना ‘किंवा’चं ‘आणि’ आपोआप झालं. कोडमध्ये ऑरच्या जागी अँड टाका. १८च्या हिशेबानं उत्तर येईल ८१० आणि ४५, पाणी गेलं आणि टाकी अर्धवट. २५च्या हिशेबानं १००० आणि ४०, टाकी भरली आणि नळ अजून चालू. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं जे गच्चीवर उभ्या माणसाला आलं असतं.

तर्कशास्त्रात या उलटापालटीला एकोणिसाव्या शतकातल्या ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाचा नियम आहे. त्यांचा जन्म मदुराईचा, १८०६चा. नाव परीक्षेपुरतं लक्षात ठेवा. हाताशी ठेवायचं ते एवढंच की थांबण्याच्या वाक्यात ‘किंवा’ असेल तर चालू ठेवण्याच्या अटीत अँड येतं, आणि थांबण्याच्या वाक्यात ‘आणि’ असेल तर ऑर.

लूप कुठल्या कारणानं थांबला हे लूप स्वतः सांगत नाही. टाकी भरली की पाणी गेलं? ते हवं असेल तर लूपनंतर इफ लावून विचारा, पाणी >= १००० आहे का. ही ओळ नवशिके हटकून विसरतात आणि अर्धी टाकी भरलेली असताना “टाकी भरली” असं छापतात.

माणसाला विचारत राहणारा लूप

व्हाइलचं खरं काम इथे. समोरचा किती वेळा काय टाकेल, हे आपल्याला ठाऊक नसतं. दिवसभराच्या विक्रीच्या रकमा टाकायच्या आहेत, संपल्या की ० टाकायचा :

एकूण = ०
रक्कम = इंट(इनपुट("रक्कम: "))
व्हाइल रक्कम != ०:
    एकूण = एकूण + रक्कम
    रक्कम = इंट(इनपुट("रक्कम: "))
प्रिंट("एकूण", एकूण)

इनपुट माणसानं टाकलेलं वाचून घेतं, इंट त्याचा पूर्णांक करतं. उद्गारचिन्ह आणि बरोबर मिळून ‘बरोबर नाही’ असा अर्थ. इनपुटची ओळ दोनदा आली आहे आणि दोन्ही लागतात. पहिली नसेल तर अट तपासायला रक्कमच नाही. दुसरी नसेल तर पहिलीच रक्कम जन्मभर मिळवली जाते. दुसरी ओळ लूपच्या शेवटी का, सुरुवातीला का नाही? सुरुवातीला टाकून कागदावर चालवून बघा. पहिली रक्कम हिशेबातून गळते.

दोनदा लिहायचा कंटाळा येतो, म्हणून अनेकजण असं लिहितात :

एकूण = ०
व्हाइल ट्रू:
    रक्कम = इंट(इनपुट("रक्कम: "))
    इफ रक्कम == ०:
        ब्रेक
    एकूण = एकूण + रक्कम

व्हाइल ट्रू म्हणजे अट कायमच खरी, हा जाणूनबुजून केलेला अनंत लूप. ब्रेक आला की त्यातून बाहेर. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबवणारी सोय असते, तसंच हे. दोन्ही पद्धती चालतात. मला पहिली आवडते, कारण कधी थांबणार ते वरच्या ओळीतच दिसतं. ब्रेक शोधायला पोटात शिरावं लागतं, आणि एका लूपमध्ये चार-चार ब्रेक घालणारी पोरं मी पाहिली आहेत.

एक गंमत : इनपुटला माणसानं देवनागरीत १२५ टाकले तरी इंट ते बरोबर वाचतं. कोडमध्ये देवनागरी आकडे चालत नाहीत, माणसाकडून आलेले चालतात. अक्षरं टाकली तर मात्र कार्यक्रम कोसळतो. त्यावर इलाज आहे, पण तो ट्राय-एक्सेप्टच्या धड्यात.

सी भाषा शिकणाऱ्यांसाठी एवढंच की तिथे डू-व्हाइल नावाचा प्रकार आहे. तो आधी एकदा काम करतो आणि मग अट विचारतो. पायथनमध्ये तो नाही, व्हाइल ट्रूवर भागवावं लागतं.

पैशांचा लूप आणि दशांश चिन्ह

भाव ० वर ठेवा, दर फेरीला त्यात ०.१ मिळवा आणि अट लिहा : व्हाइल भाव != १.०. दहा फेऱ्यांत संपायला हवं. संपत नाही. दहाव्या फेरीनंतर भाव १ नसतो, ०.९९९९९९९९९९९९९९९९ असतो. एक भागिले तीन दशांशात लिहायला घेतलं तर जसं कधी संपत नाही, तसं एक भागिले दहा संगणकाच्या द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ च्या, पद्धतीत संपत नाही. कुठेतरी तोडावं लागतं, आणि तोडलेले तुकडे साठत जातात. नेमका १ चुकला की लूप त्याच्यावरून उडी मारून पुढे निघून जातो.

पैसे असतील तर रुपयांत नको, पैशांत मोजा, पूर्णांकात. १० मिळवत १०० पर्यंत जा. आणि दशांश आकडा अटीत असेल तर ‘बरोबर नाही’ कधीच लिहू नका, ‘पेक्षा लहान’ लिहा.

मोठ्यांचेही लूप अडकतात

३१ डिसेंबर २००८. मायक्रोसॉफ्टचं झून ३० हे गाणी ऐकायचं यंत्र जगभर एकाच दिवशी बंद पडलं. कारण होता एक व्हाइल लूप. यंत्रातलं घड्याळ १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस मोजायचं आणि त्यावरून साल काढायचं. तर्क साधारण असा :

व्हाइल दिवस > ३६५:
    इफ लीप_वर्ष(साल):
        इफ दिवस > ३६६:
            दिवस = दिवस - ३६६
            साल = साल + १
    एल्स:
        दिवस = दिवस - ३६५
        साल = साल + १

कागद घ्या. २००८ लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६वा दिवस. साल २००८ वर आलं तेव्हा दिवस नेमके ३६६ उरले. ३६६ हे ३६५ पेक्षा मोठं, आत शिरा. लीप आहे, पुढे चला. ३६६ हे ३६६ पेक्षा मोठं आहे का? नाही. मग काहीच करायचं नाही. वर जा. पुन्हा ३६६. पुन्हा आत. तिसरी जागा : अटीतली गोष्ट बदलतेय का? एका वाटेनं बदलत नव्हती, आणि ती वाट लीप वर्षाच्या शेवटच्या दिवशीच उघडायची. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा, असा उपाय लोकांना सांगितला गेला.

लूपच्या पोटात इफ असेल तर प्रत्येक वाट वेगळी चालून बघायची. इथे आतल्या इफला एल्स लावून त्यात ब्रेक टाकलं असतं तर भागलं असतं.

मागावरचा लूप

वर्गाच्या भिंतीपलीकडून येणारा खटखटाट ऐकत हे लिहिते आहे, म्हणून एवढं सांगायला हवं. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर निघते. भोकं पाडलेले पुठ्ठे एकाला एक ओवलेले असतात, भोक आहे तिथला धागा उचलला जातो, नाही तिथला खाली राहतो. फ्रान्समधल्या लिऑं शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. पुठ्ठ्यांच्या माळेचं शेवटचं टोक पहिल्याला जोडलेलं असतं, त्यामुळे नक्षी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे घेतले, आणि एडा लव्हलेस यांनी त्या यंत्रावरच्या १८४३च्या टिपांमध्ये तोच क्रियांचा गट पुन्हा पुन्हा चालवून गणित कसं सोडवायचं ते मांडलं. लूप या गावाला परका नाही. पोरांना हे सांगितलं की ती घरी जाऊन पुठ्ठे मोजतात.

आता तुमची पाळी

१९३७ साली लोथार कोलाट्झ या जर्मन गणितज्ञानं मांडलेला खेळ आहे. कुठलाही धन पूर्णांक घ्या. सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. १ येईपर्यंत हेच करत राहा. ६ घेतला तर ३, १०, ५, १६, ८, ४, २, १. आठ पायऱ्या. किती पायऱ्या लागतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून फॉर इथे कामाचा नाही. प्रत्येक आकड्याला हा लूप थांबतोच का, हेही आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

वहीत आधी ‘पर्यंत’चं वाक्य लिहा, मग ‘तोवर’चं. निम्मं करताना भागाकाराच्या दोन तिरक्या रेघा वापरा म्हणजे उत्तर पूर्णांक राहील. पायऱ्या मोजायला वेगळं नाव ठेवा. ६ वर आठ आले की २७ टाकून बघा. आकडा चढत चढत ९२३२ ला जाईल आणि मग उतरेल. १ ला पोचायला १११ पायऱ्या लागल्या पाहिजेत. ११२ आल्या असतील तर मोजणी शून्यापासून सुरू केली होती का, ते बघा.